आक्का माझी भिडू

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘पाणी किती?’ असं विचारतात. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, ब्लाउज टाकायला आलेली बाई मापासाठी हात वर करता करता विचारते. मग फोनवर आलेला आकडा सांगायचा, फूट आणि इंच, आणि दोघांनीही ‘यंदा पण येणार बहुतेक’ म्हणून मान हलवायची. पंचगंगेचं पाणी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीपर्यंत कधी येत नाही. तरी ते कुठवर चढलंय हे कळल्याशिवाय आम्हाला जेवण गोड लागत नाही.

यंदा मात्र हा आकडा सांगायला घरात कुणी नाही. गेल्या थंडीत हे गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचा फोन रविवारी. शिवणयंत्र आहे, गिऱ्हाइकं आहेत, पण अशा झडीत ब्लाउज शिवून घ्यायला येतंय कोण? एखादा दिवस कुणीच आलं नाही तर संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना माझाच आवाज मला घोगरा लागतो. एकटीपुरती एक भाकरी थापायची, तर तवा तापायला लागतो तेवढाही वेळ जेवायला लागत नाही. फार एकटं वाटतं. हे मी कुणाला सांगत नाही, मुलाला तर नाहीच.

परवा सकाळी फोन वाजला तर तो विनयचा. विनय म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, बेंगलोरला असतो. घर कुरुंदवाडला, नदीच्या अंगाला, आणि त्या घरात त्याची आई एकटीच.

“काकू, घाटाकडनं पाणी गल्लीत शिराय लागलंय. आई इकडं येत न्हाय म्हणती. तिला लिफ्टचं भ्या वाटतंय. तुमच्याकडं आणून सोडायला सांगू काय शेजाऱ्यास्नी?”

“त्यात विचारायचं काय?” मी म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. हातातली चिमट्यांची टोपली तशीच मांडीवर राहिली. कारण विनयची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ आक्का, हिच्याशी मी गेली अकरा वर्षं एक शब्द बोललेली नाही. तीही माझ्याशी बोललेली नाही.

आमच्याकडे अबोला ही एक रीतसर गोष्ट आहे. भांडण झालं की माणसं बोलायची थांबतात, पण येणं-जाणं थांबत नाही. लग्नकार्याला जायचं, ताटात वाढायचं, साडी नेसवायची, आजारपणात उशाशी बसायचं, फक्त एकमेकींशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. घरात माणसं असली की अबोला वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. आता ह्या घरात मी एकटी, आणि येणार होती तीही एकटी. तिसरं माणूस आणायचं कुठून?

आमचा अबोला सुरू झाला तो सासूबाईंच्या मरणाच्या दिवशी. त्या कुरुंदवाडला आक्काकडे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं हगणं-मुतणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं, सगळं आक्कानं केलं. मी पंधरवड्यातून एकदा सफरचंदं घेऊन जायची. मग मार्च महिन्यात आण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, निरोप आला की आईचं काही खरं नाही, येऊन जावा. मुलाची दहावीची परीक्षा चालू होती. मी म्हटलं, पेपर संपले की लगेच येते. भूगोलाचा तेवढा राहिला होता, तेव्हा त्या गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. दारातल्या वीस-पंचवीस बायकांसमोर आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पेपर झाला काय?”

एवढंच. ती खोटं बोलली असती तर मी तिथंच भांडले असते आणि वर्षश्राद्धापर्यंत विसरूनही गेले असते. पण ती खरं बोलली होती. खऱ्याला काय उत्तर देणार? मी तोंड मिटलं ते मिटलंच, आणि माझा स्वभाव असा की एकदा टाकलेली गाठ मला स्वतःला सुटत नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी तो मोठा पूर आला. आज ह्या झडीत मला आठवतो तो तोच पावसाळा. आण्णा आणि आक्का दोन पिशव्या, एक गोधडी आणि देव्हाऱ्यातले देव एवढं घेऊन आमचा जिना चढून वर आले. दोन म्हशी जयसिंगपूरच्या पावण्यांकडे बांधून आले होते. आक्काच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं पिवळा झाला होता. मी टॉवेल आणून ह्यांच्या हातात दिला, ह्यांनी तो तिच्या हातात दिला. असं करून तिचं स्वागत झालं. सतरा दिवस ती दोघं आमच्याकडे होती.

सतरा दिवस म्हणजे किती असतात ते वीज नसलेल्या घरात कळतं. दुसऱ्याच दिवशी वीज गेली. मग दूध बंद झालं, पेट्रोल संपलं, पुण्याकडचा आणि बेळगावाकडचा रस्ता पाण्याखाली गेला. गाव पाण्यानं वेढलेलं आणि नळाला थेंब नाही, टँकरच्या मागे हंडे घेऊन पळायचं. घरात कुबट वास भरलेला. कपडे वाळत नव्हते, ते आम्ही कूलरच्या जाळीवर, खुर्च्यांच्या पाठीवर, देवांच्या फोटोच्या खिळ्यावर टांगलेले. बिनदुधाचा चहा, खर्डा, भाकरी. मधूनच हेलिकॉप्टरची घरघर यायची, की आण्णा आणि हे दोघेही लहान पोरांसारखे गच्चीवर धावायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी शोकेसच्या खालच्या कप्प्यातून पत्त्यांचा जोड काढला.

“मेंढीकोट,” आण्णा म्हणाले. “चौघं हाय की आपण.”

“मला येत न्हाय,” मी म्हणाले. मला पत्ते म्हणजे गाढव आणि भिकार-सावकार एवढंच यायचं.

“मग शिकायचं. शाळा हाय व्हय ही?” असं म्हणून आण्णांनी सतरंजी पसरली. मेंढीकोटात चौघांच्या दोन जोड्या होतात, समोरासमोर बसणारे एकमेकांचे भिडू. मी समजले की नवरा-बायको, नवरा-बायको अशा जोड्या होणार. पण ह्या दोघा भावांनी कुरुंदवाडच्या घाटावर लहानपणापासून एकत्र डाव मांडलेले. त्यांची जोडी फोडायला ते तयार होईनात. “आम्ही दोघं म्हंजे दोघंच,” हे म्हणाले. मग उरलो आम्ही दोघी. आक्कानं सतरंजीच्या पलीकडल्या टोकाला मांडी घातली, मी अलीकडच्या. अशी माझी आणि तिची जोडी पडली.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला तेरा पानं. एकानं ज्या रंगाचं पान उतरवलं, त्याच रंगाचं इतरांनी टाकायचं, ज्याचं मोठं त्याचा हात. ज्याच्याकडे तो रंग नाही त्यानं पहिल्यांदा जे दुसरं पान टाकलं, तो रंग त्या डावाचा हुकूम. मग हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला कापते. आणि सगळा जीव अडकलेला चार दश्श्यांमध्ये. त्यांना मेंढ्या म्हणायचं. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर कोट. भिडूला काही सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, डोळे मिचकावायचे नाहीत. त्याच्या पानावरून त्याच्या मनातलं ओळखायचं.

हे सगळं मला ह्यांनी सांगितलं. पण खेळाची खरी मास्तरीण होती आक्का. तिचं माहेर सीमेपलीकडलं, कानडी बोलणारं. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, तिला पत्ते शिकवले होते. तिला प्रत्येक गेलेलं पान पाठ असायचं. आणि मी तर पहिल्याच डावात माती खाल्ली. आक्कानं चौकटचा एक्का टाकला होता, हात आमचाच होता. माझ्याकडे चौकट नव्हतं, हुकूम होता बदाम. मी मोठ्या तोऱ्यात बदामची राणी आपटली.

आक्कानं पानं खाली केली. “साकु,” ती कानडीत म्हणाली, म्हणजे बास. मग आण्णांकडे वळून, “तिला सांगा, भिडूचा हात आपलाच असतोय. त्याच्यावर हुकूम घालवायचा नसतोय म्हणावं.”

“ऐकलंस न्हवं, शोभा?” आण्णा मला म्हणाले.

मी ह्यांना म्हणाले, “आक्काला सांगा, शिकवणाऱ्यानं आधी सांगितलं असतं तर कळलं असतं.”

“वैनी, ऐकलं न्हवं?” हे म्हणाले.

“आधी सांगायला काय, रोजचंच हाय ते. आपलं कुठलं आन् परकं कुठलं एवढं बी कळू ने?” हे तिनं सतरंजीच्या काठाला सांगितलं.

त्याच डावात पुढे आण्णांनी किलवरची मेंढी सोडली. ती कापायला माझ्याकडे हुकूम उरला नव्हता, राणी मी उधळून बसले होते. मेंढी गेली. आक्कानं फक्त माझ्याकडे, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे, एक नजर टाकली.

चार हातांवर समोरासमोर बसलेल्या दोन बायका, आणि सगळा निरोप नवऱ्यांच्या हाती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आण्णा वैतागले. “आजपास्नं मी पोस्टमन न्हाय,” म्हणाले. “पत्ते बोलतील तेवढंच बोलायचं.” त्यानंतर दोघा भावांनी खरंच निरोप पोचवणं बंद केलं, निदान डाव चालू असेपर्यंत.

आता मागे वळून बघताना वाटतं, माझं शिक्षण खरं तिथून सुरू झालं. सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर मी आक्काकडे बघायला लागले. पाच वर्षं मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. ती पानं एकदाच बघायची, लावायची आणि मिटून गुडघ्याशी धरायची. मोठं पान हातात असलं तरी चेहऱ्यावर काही नाही. स्वतःचा येणारा हात सोडून द्यायची, कारण पुढे माझ्याकडून येणारी मेंढी तिला वाचवायची असायची. सुरुवातीला मला ते कळायचं नाही, मी आपली मनात म्हणायची, हिला एवढं कसं खेळता येत नाही. दोन हात पुढे गेल्यावर उलगडायचं की तिनं ते माझ्यासाठी सोडलं होतं. तिनं दोन वर्षं त्या म्हातारीचं सगळं केलं तेही असंच केलं असणार, कुणाला न दाखवता, आणि मी सफरचंदं घेऊन यायची. हे मला पत्ते खेळताना कळलं. लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून मी बोलले थोडीच.

उलट त्याच आठवड्यात मी एक वाईट गोष्ट केली. हे आणि आण्णा टँकरला गेले होते आणि घरात आम्ही दोघीच. बाहेर पाऊस, आत दोन बायका आणि घड्याळाची टिकटिक. मी यंत्रावर बसले. आक्का थोडा वेळ खिडकीत उभी राहिली, मग येऊन तिनं माझ्या ढिगातले ब्लाउज घेतले आणि न विचारता हूक लावायला बसली. दीड तासात पाच ब्लाउजांना हूक लावून, काजं करून, घड्या घालून ठेवले. मी त्यातला एक उचलला. एक हूक केसभर वर लागला होता. मी कात्री घेतली आणि तिच्यादेखत तो उसवला.

तिनं बघितलं. सुई उशीत खोचली, दोऱ्याचं रीळ डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिली. तो हूक तसाच ठेवला असता तर कुठल्या बाईचं काय बिघडलं असतं? अजून आठवलं की जीव नकोसा होतो. पुरुषमंडळी हंडे घेऊन वर आली तेव्हा आक्का आण्णांना म्हणाली, “जयसिंगपूरला फोन लावा. म्हशींचं काय चाललंय बगा.” माझ्याबद्दल तिनं तक्रार केली नाही.

त्या दुपारी डाव मांडला गेला तेव्हा मला वाटलं, ही आता माझ्याशी मुद्दाम वाईट खेळणार. भिडूला बुडवणं फार सोपं असतं. तिनं तसं केलं नाही. माझ्या राजावर तिनं आपली बदामची मेंढी बिनधास्त टाकली, एक्का अजून बाहेर असताना. मी हबकलेच. हात आमचाच झाला, कारण एक्का तिच्याकडेच होता. मी मेंढी उचलून माझ्या बाजूला ठेवली.

कोट लागला तो पंधराव्या दिवशी. मला तो डाव आजही पानागणिक आठवतो. तीन मेंढ्या आमच्याकडे आल्या होत्या. किलवरची तेवढी बाहेर होती आणि प्रत्येकाच्या हातात चार पानं. उतारी माझी. मी आठवत बसले की आक्कानं मागच्या दोन हातांत काय टाकलं. एकदा इस्पिकची राणी फेकली होती, एकदा चौकटचा गुलाम. एवढी चांगली पानं फेकली, पण किलवर एकही सोडला नव्हता. म्हणजे किलवरमध्ये तिनं काहीतरी धरून ठेवलं होतं. आणि हे बिचारे मघापासून हातातलं एकच पान अंगठ्यानं चाचपत होते. माझा नवरा कितीही वर्षं पत्ते खेळलेला असो, त्याचा अंगठा मला ओळखता येतो.

मी किलवरची चव्वी टाकली.

ह्यांचा चेहरा पडला. दुसरा किलवर नव्हता, मेंढी टाकावीच लागली. आणि त्याच्यावर आक्कानं असा एक्का आपटला की सतरंजीखालची फरशी वाजली.

“कोट!” ती ओरडली. “अय्यो, कोट की गं!”

ती हसली. पाच वर्षांत मी तिचं हसणं पाहिलं नव्हतं, तिचा एक बाजूचा दात पडला होता हेही मला तेव्हाच दिसलं. हसता हसता तिनं टाळीसाठी हात पुढे केला. मीही हात उचलला होता. मग तिला आठवलं. तिचा हात मधेच थांबला, खाली आला आणि तिनं तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला. माझाही हात मी परत घेतला आणि केसातली पिन नीट केल्यासारखं केलं. दोघे भाऊ तोवर एकमेकांना दोष देण्यात गुंतले होते, त्यांना काही दिसलं नाही.

एक टाळी. ती मी घेतली असती तर पुढची सहा वर्षं वेगळी गेली असती, असं मला वाटतं. तिनं हात आधी पुढे केला होता, हेही मी विसरू शकत नाही.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. ती दोघं जायला निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. ‘परत या’ म्हणायचं ओठावर होतं. मी ह्यांना म्हणाले, “सांगा, सांडग्यांचा डबा पिशवीत तळाला घातलाय.” हे म्हणाले, “तूच सांग की.” मी आत निघून आले. पुढं त्यांना घरातला चिखल काढायला महिना लागला, असं विनयकडून कळलं.

मग दोन वर्षांनी आण्णा गेले. मी कुरुंदवाडला चौदा दिवस राहिले. ह्या वेळी कुठला पेपर मधे येऊ दिला नाही. आक्काच्या शेजारी झोपले, तिला रोज आंघोळीला पाणी काढलं. घर माणसांनी भरलेलं होतं. मला जे सांगायचं ते मी विनयच्या बायकोला सांगायची, ती आक्काला सांगायची. गेल्या थंडीत हे गेले तेव्हा आक्का आली. तिनं माझ्या हातातल्या बांगड्या कुणाला काढू दिल्या नाहीत. बायका पुढे झाल्या तेव्हा त्यांना कानडीत म्हणाली, “बेडा,” म्हणजे नको. “तिच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाय.” त्या बांगड्या अजून माझ्या हातात आहेत. पण तेही ती बायकांना म्हणाली, मला नाही. त्या दोन्ही वेळा घरात माणसं भरपूर होती, त्यामुळे आमचा अबोला नीट टिकून राहिला.

परवा संध्याकाळी शेजाऱ्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. आक्का हळूहळू जिना चढली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघे गेलेत तिचे. अंगानंही फार वाळली आहे. हातात एक पिशवी आणि एक डबा. वर पोचल्यावर ती जिन्याला म्हणाली, “लई पायऱ्या केल्यात ह्यांनी.” मी दाराला म्हणाले, “पाणी देऊ का प्यायला.” ती आत येऊन बसली. मी पाणी दिलं. ती प्याली.

त्यानंतरचं काय सांगू? हसावं की रडावं कळेना. जेवायच्या वेळेला मी कुकरला म्हणाले, “भात झालाय, बसून घ्यावं.” आक्का ताटाला म्हणाली, “मीठ जरा कमी पडलंय.” पाण्याचा आकडा आला तो मी खिडकीला वाचून दाखवला. तिनं कान देऊन ऐकला आणि भिंतीकडे बघत सुस्कारा सोडला. रात्री लवकरच दोन अंथरुणं घातली. ती ह्यांच्या फोटोकडे तोंड करून झोपली. मला वाटलं होतं, कुणीतरी घरात आलं की एकटेपणा कमी होईल. झालं उलटंच. एकटी होते तेव्हा निदान न बोलण्याला कारण होतं.

काल दुपारी वीज गेली. यंत्राचा दिवा विझला, मी तशीच अंधारात कापड धरून बसले होते. आक्का उठली. शोकेसचा खालचा कप्पा उघडून तिनं पत्ते काढले, न विचारता, जागा तिला पाठ होती. सतरंजी ओढून ती आपल्या नेहमीच्या टोकाला बसली. मला वाटलं, एकटीच काहीतरी लावत बसेल. तिनं पानं पिसली आणि वाटायला सुरुवात केली. एक पान उजवीकडे, एक समोर, एक डावीकडे, एक स्वतःला. पुन्हा उजवीकडे, समोर, डावीकडे, स्वतःला. बावन्न पानं संपेपर्यंत वाटत राहिली. सतरंजीवर चार गड्ड्या पडल्या, तेरा-तेराच्या. तिनं आपली उचलून लावली आणि मान खाली घालून बसून राहिली.

मी यंत्रावरून उठले. गुडघ्यांवरचं कापड बाजूला ठेवलं आणि तिच्या समोर जाऊन बसले. माझी पानं उचलली. बरी होती, बदामची मेंढी होती, दोन राजे होते.

वाटणाऱ्याच्या उजवीकडे जो बसतो त्याची उतारी. म्हणजे पहिलं पान आण्णांचं. आक्कानं उजवीकडच्या गड्डीकडे हात नेला. हात अर्ध्यात थांबला. तिनं तो मागे घेऊन पदराला पुसला, पुन्हा नेला, पुन्हा थांबला. मी पानांच्या आडून बघत होते. मग तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे नाही, भिंतीकडे नाही.

“शोभे,” ती म्हणाली, “त्यांचं पान तू टाक. माझ्यानं हात लावाय हुईना.”

मी वाकून आण्णांची पानं उचलली. पसरून धरली, पण काही वेळ मला एकही पान नीट दिसेना. आण्णा नेहमी बारक्या पानानं सुरुवात करायचे. मी चौकटची पंजी टाकली. त्याच्यावर माझं पान टाकलं. आता पाळी ह्यांची होती. ह्यांची गड्डी माझ्या उजव्या गुडघ्याशी पडली होती आणि आक्काचा हात तिच्याकडे निघाला होता.

“आक्का,” मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. “मी तवा आधी यायला पायजे हुतं. पेपराचं निमित्त हुतं. मला भ्या वाटत हुतं. त्यास्नी तसं बगायचं भ्या वाटत हुतं मला.”

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. ती तसं म्हणाली नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “यायला पायजे हुतंस. म्हातारी दाराकडं बगत हुती.” तिचा हात गड्डीवर तसाच होता. “भ्या मलाबी वाटत हुतं की. मी एकटीच हुतो तितं.”

मग तिनं ह्यांची पानं उचलली, डोळ्यांजवळ नेऊन एकेक रंग वेगळा लावला आणि त्यातलं एक माझ्या पानावर टाकलं.